भाताच्या टोपात काय कमी होतं? जपानी नौदलाच्या दोन जहाजांचा धडा



31 जुलैला मासेमारी बंदी संपते, नारळी पौर्णिमा होते आणि आपल्या बोटी पाण्यात जातात. डिझेल किती, बर्फ किती, जाळ्याची डागडुजी झाली का, वायरलेस चालतो का, हे आपण दहा वेळा बघतो. शिधा मात्र शेवटच्या दिवशी दुकानातून उचलतो. पांढऱ्याशुभ्र तांदळाच्या गोणी, तेल, मसाला, कांदे-बटाटे, चहा, साखर, बिस्किटं. कालवणाला मासळी जाळ्यात मिळेलच, असा हिशेब.

पोट भरायला एवढं पुरतं. शरीराला पुरतं का? या प्रश्नाचं उत्तर जपानच्या नौदलाने 140 वर्षांपूर्वी शोधलं, आणि तेही दवाखान्यात नाही, भर समुद्रात. आजचा अभ्यास लेख त्यावर.

तगडे खलाशी का कोसळत होते?

त्या काळी जपानमध्ये 'काक्के' नावाचा आजार फार होता. जगात त्याला बेरीबेरी म्हणतात. आधी पाय जड होतात, तळव्यांना मुंग्या येतात. मग पायांवर सूज चढते, चालताना दम लागतो, छाती धडधडते. शेवटी हृदय थकतं आणि चांगला तरणा माणूस थोड्या दिवसांत जातो. जपानच्या सम्राटालाही हा आजार होता.

नौदलात तर कहर होता. 1882 साली दर 1000 खलाशांमागे सुमारे 400 जण वर्षभरात या आजाराने पडले. जहाज आहे, तोफा आहेत, पण चालवायला माणसं उभी राहात नाहीत, अशी गत.

तेव्हा नौदलात ताकाकी कानेहिरो नावाचे डॉक्टर होते. जन्म 1849 चा. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात शिकून 1880 साली ते परत आले. विलायतेत त्यांना हा आजार दिसला नव्हता, मग आपल्याकडेच का, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात होता. बहुतेक डॉक्टर म्हणत होते की हा जंतूंचा, कोंदट हवेचा आजार आहे. ताकाकींनी जहाजावर नीट बघितलं. एकाच जहाजावर, एकाच हवेत राहून अधिकारी फार आजारी पडत नव्हते, पडत होते ते साधे खलाशी. फरक होता तो ताटात.

खलाशांना जेवणासाठी रोख पैसे मिळायचे. ते बिचारे त्यातले वाचवून घरी पाठवायचे आणि स्वतः पांढरा भात, जोडीला थोडंसं लोणचं-भाजी खाऊन दिवस काढायचे. गावाकडे गरिबाला पांढरा भात सणासुदीलाच मिळायचा. नौदलात तो रोज पोटभर मिळतो, याचंच अप्रूप होतं. आपल्या खलाशांची गोष्ट याहून फार वेगळी नाही, बघा.

दोन जहाजं, एकच वाट

1882 च्या अखेरीस 'र्‍यूजो' हे जहाज शिकाऊ नौसैनिकांना घेऊन निघालं. न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका, हवाई आणि परत जपान अशी नऊ महिन्यांची फेरी. जहाजावर 376 माणसं. त्यातल्या 169 जणांना बेरीबेरी झाली, 25 जण दगावले. हवाईला पोचल्यावर ताजं मांस-भाजी घेतली, तेव्हा कुठे आजारी माणसं सावरू लागली.

ताकाकींनी हट्ट धरला की पुढचं जहाज त्याच वाटेने, तेवढ्याच दिवसांसाठी पाठवा, फक्त जेवण बदला. त्यासाठी त्यांनी सम्राटापर्यंत जाऊन आपली बाजू मांडली. 1884 च्या फेब्रुवारीत 'त्सुकुबा' जहाज निघालं. भात कमी केला, आणि मांस, मासे, पाव, कडधान्यं, भाजी, डब्याचं दूध वाढवलं. फेरी संपली तेव्हा 333 माणसांपैकी फक्त 14 जणांना आजार झाला होता आणि मृत्यू एकही नाही. त्या 14 मधल्या बऱ्याच जणांनी नवीन जेवण नीट खाल्लंच नव्हतं.

पाव आणि मांस खलाशांना आवडेना, काही जण ते चक्क समुद्रात टाकायचे. मग 1885 पासून तांदळात जव मिसळून शिजवायला सुरुवात झाली. त्या वर्षी आजाराचं प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आलं. औषधाची एक गोळीही न देता.

खरा पुरावा कसा ओळखायचा?

इथे थोडं थांबा. मोबाइलवर रोज कोणीतरी सांगतं, अमुक काढा घ्या, तमुक पावडर घ्या, माझ्या काकाला गुण आला. हा पुरावा नाही. ताकाकींनी वाट तीच ठेवली, दिवस जवळपास तेवढेच ठेवले, माणसंही तशाच कामाची घेतली, आणि बदल केला तो जेवणात. नंतर आजारी किती आणि मेले किती, ते मोजून लिहून ठेवलं. म्हणून त्यांचं म्हणणं खोडणं कठीण गेलं.

गंमत म्हणजे त्यांचं कारण चुकलं होतं. त्यांना वाटलं, भातात प्रथिनं कमी म्हणून हे होतं. कारण चुकलं तरी मोजणी बरोबर होती, त्यामुळे माणसं वाचली. जपानच्या लष्करातल्या मोठ्या डॉक्टरांनी मात्र हे मानलं नाही. त्यांचा पांढरा भात चालूच राहिला. 1904-05 च्या रशियाविरुद्धच्या युद्धात जपानी लष्कराचे सुमारे 27,000 सैनिक बेरीबेरीने मेले, शत्रूच्या गोळीने नव्हे.

खरं कारण पुढे कळलं. तांदूळ गिरणीत घासून पांढरा करताना कोंड्याबरोबर त्याचं जीवनसत्त्व ब-1, म्हणजे थायमिन, निघून जातं. 1910 साली जपानचे सुझुकी उमेतारो यांनी कोंड्यातून हा अंश वेगळा काढला. 1936 साली रॉबर्ट विल्यम्स यांनी ते कारखान्यात बनवायची रीत काढली. या विल्यम्स यांचा जन्म आपल्याच देशात, आंध्रच्या किनाऱ्यावर नेल्लोरला झाला होता.

आपल्याशी याचा संबंध काय?

शरीरात ब-1 चा साठा फार थोडा असतो, 30 मिलिग्रॅमच्या आसपास. आत येणं बंद झालं तर दोन-तीन आठवड्यांत तो रिकामा होतो. शिवाय भात-साखर जितकी जास्त खाऊ आणि कष्ट जितके जास्त करू, तितकं ब-1 जास्त लागतं. म्हणून आधी पडतो तो भरपूर भात खाणारा, ओढकाम करणारा तरणा गडी. दारूची सवय असेल तर धोका दुप्पट, कारण दारूमुळे आतड्यातून ब-1 नीट शोषलं जात नाही.

हा इतिहासजमा आजार समजू नका. 2021 साली स्क्विडच्या मासेमारीला गेलेल्या एका चिनी जहाजावरून इंडोनेशियाचा एक तरुण खलाशी उरुग्वेच्या किनाऱ्यावर उतरवला गेला. पाय सुजलेले, अंगात त्राण नाही. तो वाचला नाही. त्याच्यात बेरीबेरीची लक्षणं होती. दूर पाण्यात महिनोन्‌महिने पांढरा भात आणि नूडल्स, हेच तिथलं जेवण.

आणि घरातली गोष्ट त्याहून महत्त्वाची. काश्मीर आणि कर्नाटकातल्या डॉक्टरांना अलीकडच्या वर्षांत दोन-चार महिन्यांची, फक्त आईच्या दुधावरची बाळं अचानक अत्यवस्थ होऊन येताना दिसली. दम लागलेला, दूध ओढत नाही, आवाज बसलेला. बाळंतिणीला पथ्य म्हणून डाळ, भाजी, मांस-मासळी बंद आणि ताटात नुसता पांढरा भात, असं अनेक घरांत आढळलं. आईच्या दुधातच ब-1 पुरेसं नव्हतं. वेळेवर थायमिनचं इंजेक्शन मिळालेली बाळं काही तासांत सावरू लागली. आपल्याकडेही बाळंतिणीची पथ्यं कडक असतात. तेव्हा आज्यांनो, काकूंनो, तेवढं मनावर घ्या: पथ्याच्या नावाखाली डाळ-कडधान्य तोडू नका.

मग करायचं काय?

1. उकडा तांदूळ घ्या. सिंधुदुर्ग-गोव्यात आपली पेज याचीच. साळ आधी उकडल्यामुळे कोंड्यातलं ब-1 दाण्यात उतरतं आणि गिरणीत कमी जातं. शंभर वर्षांपूर्वी मलायात पांढरा तांदूळ खाणारे चिनी मजूर बेरीबेरीने पडत होते आणि उकडा खाणारे तमिळ मजूर वाचत होते. उकडा आवडत नसेल तर कमी पॉलिशचा घ्या.

2. तांदूळ पाच-पाच वेळा चोळून धुऊ नका. खडे-धूळ जाईल एवढंच धुवा. ब-1 पाण्यात विरघळतं. भाताचं पाणी काढत असाल तर ओतू नका, पेज म्हणून प्या.

3. बोटीच्या शिध्यात कडधान्य हवंच. मूग, मटकी, चवळी, कुळीथ. टिकतात, जागा कमी घेतात. शिजवताना सोडा टाकू नका, त्याने ब-1 मरतं. शेंगदाणे आणि तीळही ठेवा. चहाबरोबर बिस्किटाऐवजी मूठभर शेंगदाणे बरे. भाकरीसाठी नाचणीचं पीठ असू द्या.

4. मासळी आहे म्हणजे सगळं आहे, असं समजू नका. मासळीत प्रथिनं उत्तम, पण बहुतेक माशांत ब-1 मध्यमच. काही मासे आणि शिंपल्यांत तर ब-1 तोडणारा अंश असतो. शिजवल्यावर तो जातो, म्हणून कच्चं किंवा अर्धकच्चं खाऊ नका.

5. लक्षणं ओळखा. पायांना मुंग्या, पोटऱ्या दुखणं, पायांवर सूज, थोड्या कामाने दम. साधी पारख: उकिडवं बसून, हात न टेकता उठता येतं का? जो काल उठत होता आणि आज उठत नाही, त्याला पुढच्या फेरीला नेऊ नका, डॉक्टरकडे न्या. दम लागत असेल तर फेरी अर्धी सोडून किनारा गाठा. सूज किडनी, हृदय अशा दुसऱ्या कारणानेही येते, म्हणून घरच्या घरी गोळ्या घेऊन बसू नका. दोन-चार महिन्यांचं बाळ दूध सोडून धापा टाकू लागलं तर एक तासही थांबू नका. बाळंतीण काय खाते, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

नाखवा मंडळींनी हिशेब करून बघावा. पाच किलो कडधान्य आणि दोन किलो शेंगदाणे यांचा खर्च एका फेरीच्या डिझेलपुढे काहीच नाही. पण फेरीच्या मधोमध एक खलाशी आडवा झाला तर फेरीही जाते आणि एका घराचा कर्ता माणूसही जाऊ शकतो. जपानी नौदलाला हे कळायला 25 प्रेतं मोजावी लागली. आपल्याला फक्त शिध्याची यादी बदलायची आहे.

ही माहिती तुमच्या बोटीवर जेवण रांधणाऱ्या गड्याला आणि घरी बाळंतीण असेल तर तिच्या सासू-आईला जरूर वाचून दाखवा.