इंजिनात शिरणारी चोरटी हवा

दादरहून लालबागकडे जाणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर गर्दीच्या वेळी मोटारी चालतात कमी आणि थांबतात फार. अशा वेळी भारतमाता चौकात सिग्नलपाशी उभी असलेली एखादी मोटार थरथरू लागते, इंजिनाचा आवाज सारखा चढतो-उतरतो आणि हिरवा दिवा लागताच ती बंद पडते. वेगात असताना मात्र तीच मोटार निर्दोष वाटते. चालक बहुधा पेट्रोलमधील भेसळीला दोष देतो. गॅरेजातील जुना कारागीर बॉनेट उघडून एवढेच म्हणतो, "गाडी हवा घेते." त्याचे निदान पुष्कळदा बरोबर असते, उपाय मात्र नेहमीच बरोबर असतो असे नाही.

पेट्रोल इंजिनातील दट्ट्या खाली जाताना हवा ओढून घेतो. वाहन उभे असून इंजिन मंद गतीने चालू असते, तेव्हा हवेच्या वाटेवरील थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. त्यामुळे तिच्या पलीकडे, इनटेक मॅनिफोल्डमध्ये, बाहेरच्या हवेपेक्षा फार कमी दाब निर्माण होतो. मुंबईसारख्या समुद्रकाठच्या शहरात सुस्थितीतील इंजिनाला व्हॅक्यूम गेज जोडल्यास त्याचा काटा सामान्यतः पाऱ्याच्या ४३ ते ५३ सेंटिमीटरच्या दरम्यान स्थिर राहतो. (महाबळेश्वरच्या उंचीवर तो सुमारे १० सेंटिमीटर खाली दिसेल, तो इंजिनाचा दोष नव्हे.) एवढ्या ओढीपुढे गास्केटमधील केसाएवढी फटही हवा आत घेते. पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे १५ भाग हवा लागते. ही चोरटी हवा कोणी मोजलेली नसल्याने मिश्रण विरळ होते आणि काही ठिणग्या वाया जातात. थ्रॉटल उघडले की ओढ मंदावते, एकूण हवेत चोरट्या हवेचा वाटा नगण्य ठरतो आणि दोष लपून राहतो.

परळ-लालबागच्या गॅरेजांतील कारागिरांची एक पिढी कुर्ल्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीवर हात बसवून घडली. ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात शेवटची पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती या शहराच्या टॅक्सीसेवेतून गेली. त्या गाडीत कार्ब्युरेटरचे दोन स्क्रू पिळले की इंजिन तात्पुरते शांत होई. फट तशीच राही; तिच्यातून येणाऱ्या हवेच्या भरपाईला जादा पेट्रोल मात्र रोज जळे. ते पैसे टॅक्सीवाल्याच्या दिवसभराच्या कमाईतून जात.

टॅक्सी सीएनजीवर आल्यावरही दोष टळला नाही. कार्ब्युरेटरच्या तोंडावर गॅसचा मिक्सर बसवलेल्या गाडीत सांधे उलट वाढतात, आणि मिक्सरपुढील सांध्यातून हवा शिरल्यास मॅनिफोल्डमध्येच भडका उडून ठोका ऐकू येतो. इंजेक्शनच्या गाडीत पिळण्यास स्क्रूच नसतो. तेथे संगणक इंधन वाढवून चूक झाकतो आणि ते त्याच्याही आवाक्याबाहेर गेले की इशाऱ्याचा दिवा लावतो. स्कॅनरवर पी ०१७१ हा संकेतांक दिसल्यास मिश्रण विरळ आहे एवढाच त्याचा अर्थ. फट कोठे आहे, हे तो सांगत नाही. पीयूसी तपासणीत कार्बन मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन मात्र जास्त आल्यासही या दोषाची शंका घ्यावी.

शोधास प्रारंभ डोळ्यांनी आणि कानांनी करावा. गिरगावच्या वाड्यांत दिवसचे दिवस उभ्या असणाऱ्या मोटारींत उंदरांनी कुरतडलेले रबरी पाइप आढळणे नवलाचे नाही. इंजिन चालू ठेवून, पंखा व पट्ट्यापासून हात दूर राखून, हातभर रबरी नळीचे एक टोक कानाशी धरावे व दुसरे सांध्यांवरून फिरवावे. फटीपाशी सूं असा आवाज स्पष्ट ऐकू येतो. त्यानंतर व्हॅक्यूमचे पाइप एकेक करून पकडीने हलके दाबावेत. ज्या पाइपाच्या दाबाने इंजिन सावरते, त्याच्या पुढील भागात दोष असतो. मॅनिफोल्डच्या सांध्यावर बाटलीतून थोडे पाणी सोडल्यास फट क्षणभर बुजते आणि इंजिनाची चाल बदलते. मात्र एक्झॉस्टच्या तापलेल्या ओतीव लोखंडावर किंवा विजेच्या जोडण्यांवर पाणी पडू देऊ नये. याच कामासाठी पेट्रोल अथवा कार्ब्युरेटर क्लीनर शिंपडण्याची पद्धत गॅरेजांत रूढ आहे. चाळीच्या जिन्याखाली, गरम इंजिनावर, ती आगीला आमंत्रण होय. ज्या गॅरेजात धूर सोडण्याचे यंत्र आहे, तेथे इंजिन बंद ठेवून मॅनिफोल्डमध्ये कमी दाबाने धूर भरतात. फट असेल तेथून तो बाहेर येतो. आज यासारखी खात्रीची पद्धत दुसरी नाही.

दुरुस्ती त्यामानाने साधी आहे. टोकाशीच चिरलेला व पुरेसा लांब असलेला पाइप तेवढा कापून पुन्हा बसवता येतो. पिचलेला पाइप बदलावा. त्याच्या जागी पाण्याची साधी नळी लावू नये, कारण ती ओढीने चपटी होते. गास्केट बदलताना जुन्याचे अवशेष पूर्ण खरवडून, सपाट पट्टीने पृष्ठभाग तपासावा आणि बोल्ट मध्यापासून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत, समान आवळावेत. एकच बोल्ट जोर लावून आवळल्यास फ्लॅंज वाकते व नवी फट तयार होते.

ब्रेकच्या बूस्टरचा पाइप स्वतंत्रपणे तपासावा, कारण पेट्रोल गाडीतील बूस्टर याच ओढीवर चालतो. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. ते जागचे हलले नाही, तर गाडी दुरुस्तीपूर्वी रस्त्यावर आणू नये. पंचायतीच्या डिझेल जीपमध्ये अशी ओढ इंजिनातून मिळत नाही. तेथे बूस्टरसाठी वेगळा पंप असतो व तोही तपासावा लागतो.

फट बुजल्यानंतर पूर्वी पिळलेले स्क्रू मूळ जागी आणावेत, इंजेक्शनच्या गाडीत संकेतांक पुसावा आणि मगच पीयूसीची तपासणी करून घ्यावी.