गुडघा दुखतो? आधी सायकलची सीट बघा

कारखान्यात, बांधकामावर, पेपरच्या लाइनवर रोज सायकलने जाणारे आपल्या वस्तीत बरेच आहेत. संध्याकाळी गुडघ्याला बाम चोळतात आणि ‘वय झालं’ म्हणतात. वयाला दोष देण्याआधी सायकल तपासा.

थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून बहुतेकजण सीट खाली ठेवतात. मग पायडल मारताना गुडघा फार वाकतो, वाटीवर दाब येतो आणि गुडघा पुढून दुखतो. सीट फार उंच असली तर कंबर दोन्हीकडे डोलते, गुडघ्यामागे ओढ बसते.

माप घरीच घ्या. सायकल भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा, पायडल अगदी खाली न्या. कंबर न कलता पाय सरळ झाला की उंची बरोबर. चालवताना मात्र चवडा पायडलवर हवा, म्हणजे गुडघ्यात थोडा वाक राहतो. टेपने मोजायचे तर अनवाणी उभे राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर घ्या, ०.८८३ ने गुणा. ७५ सें.मी. असेल तर ६६ येतात. क्रँकच्या मधल्या ॲक्सलपासून सीटच्या माथ्यापर्यंत, उभ्या नळीच्या रेषेत, एवढे अंतर हवे.

इथे फ्रेम आडवी येते. २४ इंची फ्रेमची उभी नळीच ६१ सें.मी., वर स्प्रिंगची सीट सात-आठ सें.मी. म्हणजे अगदी खाली बसवली तरी ६६ च्या वर. अशा माणसाला २२ इंची (५६ सें.मी.) घ्यावी. ‘पोरगा वाढेल’ म्हणून मोठी सायकल घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. तोवर तो दांड्यावर आपटतो.

सीटची नळी मागे झुकलेली असते, त्यामुळे सीट वर केली की ती मागेही जाते आणि हँडल लांब पडते. तेव्हा सीट थोडी पुढे सरकवा, पण सपाट ठेवा. नाक खाली झुकले तर सगळा भार मनगटांवर येतो आणि हात बधिर होतात.

बदल एकदम नको. एका वेळी अर्धा सेंटिमीटर, मग चार दिवस चालवून बघा. सीटच्या दांडीवर खूण असेल तर ती नळीबाहेर येऊ देऊ नका, दांडी मोडते. कॅन, सिलिंडर वाहणाऱ्यांनी सीट मापापेक्षा थोडी खालीच ठेवावी. त्यांना पाय टेकणे जास्त गरजेचे. सीट नीट करूनही गुडघा सुजत असेल तर दवाखान्यात दाखवा.