दुरावलेले सवंगडी आणि मोबाईलवरील खेळ

लहान मुलाची पहिली शाळा म्हणजे त्याचे सवंगडी होत. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हरल्यावर न रुसणे, भांडण झाले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलणे, या गोष्टी मूल खेळातूनच शिकते. म्हणून सवंगड्यांशी संबंध तुटणे ही किरकोळ बाब समजता येणार नाही.

२५ मार्च २०२० पासून देशात टाळेबंदी लागू झाली. घाटावरच्या चिखली-मेहकरपासून घाटाखालच्या मलकापूर-शेगावपर्यंत आपल्या जिल्ह्यातील शाळा बंदच होत्या. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ पासून सुरू करण्याचा निर्णय झाला. म्हणजे २०२० साली पहिलीत नाव घातलेले मूल वर्गमित्रांसोबत वर्गात बसले ते थेट दुसरीत! दरम्यान २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिका सुरू झाली व अभ्यास घरोघरी पोहोचला. परंतु दूरदर्शन संच बोलतो, ऐकत नाही. सवंगड्याची जागा तो घेऊ शकत नाही.

टाळेबंदी गेली, प्रश्न मात्र राहिला. कामधंद्यासाठी पुणे, मुंबई, सुरतेकडे गेलेल्या कुटुंबांतील मुलांचे गावचे मित्र मागे राहतात. अशा वेळी मोबाईलवर ठरवून खेळ घेता येतो. त्यासाठी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

१) मुले थोडी असावीत. दोन किंवा तीन पुरेत. दहा मुले एकदम जोडली की गोंगाट होतो आणि बुजरे मूल कोपऱ्यात बसून राहते.

२) खेळ अगोदर ठरवावा. "बोला रे एकमेकांशी" एवढे म्हटल्याने मुले दोन मिनिटांत गप्प होतात. हाती खेळ असला की बोलणे आपोआप सुचते.

३) पाळीपाळीने खेळायचे खेळ निवडावेत. फोनवर आवाज किंचित उशिरा पोहोचतो. त्यामुळे एकत्र गाणे किंवा टाळ्या जुळत नाहीत. कोडी, गाण्याच्या भेंड्या, नाव-गाव-फळ-फूल, एकाने सुरू केलेली गोष्ट दुसऱ्याने पुढे नेणे, सांगितलेली वस्तू घरातून शोधून दाखवणे हे खेळ उत्तम चालतात.

४) वेळ थोडा, पण वार ठरलेला असावा. दर रविवारी पंधरा-वीस मिनिटे खेळणे हे महिन्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा बरे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एक तासापेक्षा जास्त पडद्यासमोर बसवू नये, कमी असेल तितके चांगले, असे सांगितले आहे.

५) मोठ्या माणसाने जवळ असावे, पण मध्ये बोलू नये. खेळ अडला तरच मदत करावी आणि संपल्यावर फोन परत घ्यावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ज्याच्या घरी एकच फोन आहे व तोही वडिलांबरोबर वावरात जातो, त्या मुलाचे काय? वेळ ठरवताना प्रथम त्याच्या घरची सोय पाहावी. कोडी आणि भेंड्यांना चित्र लागत नाही; तिघांना जोडणाऱ्या साध्या फोनवरही ते खेळ होतात. तेही न जमल्यास शेजारच्या मुलाने त्याला आपल्या घरी बोलवावे, म्हणजे एका फोनपुढे दोघे बसतील. ज्या साधनाने चार मुले जोडली जातात, त्यानेच पाचवे बाहेर पडत असेल तर ते साधन आपण नीट वापरले असे म्हणता येणार नाही.

मोबाईलवरील खेळ हा मैदानाला पर्याय नव्हे. लगोरीला आणि विटीदांडूला मातीच लागते. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत मुले गावी येतील तेव्हा ती अनोळखी होऊन येऊ नयेत, भेटताच खेळायला धावावीत, एवढ्यासाठीच हा खटाटोप आहे.

विद्यार्थ्यांनी विचार करावा :
१) आपल्या वर्गातून गाव सोडून गेलेला मित्र कोण? त्याच्याशी आपण शेवटचे कधी बोललो?
२) फोनवर पाळीपाळीने खेळता येतील असे आणखी तीन खेळ लिहा.
३) आपल्या मोहल्ल्यात फोन नसलेल्या मुलाला या खेळात कसे घेता येईल?