हातातील विद्युत उपकरणे : तपासणी आणि कायदा

ग्रामपंचायतीचे कार्यालय असो, शाळेची प्रयोगशाळा असो वा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची कार्यशाळा असो, नवी वीजजोडणी घेताना तारा, मीटर आणि भूसंपर्कन, म्हणजे नेहमीच्या भाषेत अर्थिंग, यांची रीतसर चाचणी होते. पुढे त्याच जोडणीवर टेबलपंखा येतो, चहाची किटली येते, हातड्रिल येते आणि या सर्वांना वीज पुरविणारा लांब वायरीचा बोर्ड येतो. त्यांच्याकडे मात्र कोणी पाहत नाही. भिंतीतील तार जागची हलत नाही. या उपकरणांची वायर ओढली जाते, दारात चेंगरते, टेबलाच्या पायाखाली जाते. शिवाय ती बिघडतात तेव्हा बहुधा कोणाच्या तरी हातात असतात.

या बाबतीत जबाबदारी कोणाची, हे प्रथम पाहिले पाहिजे. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५३ मध्ये सुरक्षिततेची तरतूद असून त्यानुसार केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने विनियम केले आहेत. भारतीय विद्युत नियम, १९५६ यांची जागा २०१० च्या विनियमांनी घेतली आणि त्यांची जागा २०२३ च्या विनियमांनी. नियमावली बदलली तरी सूत्र तेच राहिले आहे. ग्राहकाच्या आवारातील पुरवठादाराच्या मालकीची साधने पुरवठादाराने सुस्थितीत ठेवावयाची आणि ग्राहकाच्या ताब्यातील मांडणी ग्राहकाने. शाळेच्या किंवा पंचायतीच्या बाबतीत ग्राहक म्हणजे ती संस्थाच होय. तेव्हा ‘ते वीज कंपनीचे काम’ हे उत्तर मीटरच्या पलीकडे लागू पडत नाही.

हलविता येणाऱ्या उपकरणांच्या वायरीबाबत नियम स्पष्ट आहे. वायरीचे आवरण भक्कम हवे आणि तिला ठोकर लागून इजा होणार नाही अशी व्यवस्था हवी. एकफेजी उपकरणासाठी तीन तारांची व तीनफेजी उपकरणासाठी चार तारांची वायर वापरावी. त्यांतील अर्थिंगची तार सहज ओळखू यावी. या जादा तारेचा उपयोग अनेकांना पटत नाही, कारण ती तोडली तरी पंखा फिरतोच! परंतु धातूच्या कवचाला आत जिवंत तार टेकली, की कवचावर २३० व्होल्टचा दाब येतो. अर्थिंग असेल तर मोठा प्रवाह जमिनीकडे वाहून फ्यूज वितळतो. नसेल तर तो हात लावणाऱ्याच्या शरीरातून जातो. तीस मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह हृदयाची लय बिघडवू शकतो आणि पाच अँपिअरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. ३० मिलिअँपिअरला तुटणारे गळतीरोधक स्विच बसवितात ते याच कारणाने.

तपासणी किती दिवसांनी करावी, याविषयी ब्रिटनचा अनुभव बोधप्रद आहे. तेथे १९७४ च्या कामगार सुरक्षा कायद्याखाली १९८९ चे विद्युत विनियम झाले आणि ते १ एप्रिल १९९० पासून अमलात आले. धोका टळावा यासाठी आवश्यक तेवढी देखभाल करावी, एवढेच ते सांगतात. वर्षातून एकदा चाचणी घ्यावी असे त्यांत कोठेही नाही. तरीही प्रत्येक किटलीवर दरवर्षी चिठ्ठी चिकटविण्याची प्रथा पडली. सरकारने नेमलेल्या प्राध्यापक लॉफस्टेट यांच्या २०११ च्या अहवालात हा गैरसमज दूर करण्याची शिफारस करण्यात आली. तेथील सुरक्षा यंत्रणेच्या मते मुदत उपकरणाच्या वापरावरून ठरावी. बांधकामावरील २३० व्होल्टचे ड्रिल आणि कचेरीतील संगणक यांना एकच माप लावणे व्यर्थ होय. बहुतेक दोष नुसत्या डोळ्यांनी दिसतात, हे त्या यंत्रणेचे म्हणणे आपल्याकडील शिपाई किंवा प्रयोगशाळा परिचर यांनाही लागू आहे.

म्हणून बटण बंद करून व प्लग काढूनच वायर पाहावी. तिला चीर आहे काय, टेपने जोड दिला आहे काय, प्लग काळवंडला आहे काय, त्याच्या तीन पिनांपैकी एखादी काढून टाकली आहे काय, हे पाहण्यास यंत्र लागत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर ही पाहणी अवश्य व्हावी. आवरणाचा विद्युतरोध मोजण्याचे काम मात्र मेगर हाताळणाऱ्या परवानाधारक तारतंत्र्याचेच आहे. मांडणीची चाचणी ५०० व्होल्ट एकदिश दाबाने एक मिनिट घेतात व रोध निदान एक मेगओहम भरावा लागतो. सदोष उपकरण कपाटात ठेवल्यास ते पुन्हा बाहेर येते. त्याची नोंद साठा नोंदवहीत करून ते दुरुस्तीला पाठवावे किंवा निर्लेखित करावे. नवीन इस्त्री वा पाणी तापविण्याची कांडी खरेदी करताना मानक चिन्ह पाहावे. या वस्तूंना ते २००३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशान्वये बंधनकारक झाले.

इतके करूनही अपघात झालाच, तर कलम १६१ अन्वये विद्युत निरीक्षकास त्याची सूचना द्यावी लागते. माणसाच्या मृत्यूप्रमाणेच जनावराच्या मृत्यूची आणि नुसत्या इजेचीही सूचना द्यावयाची असते. प्राणघातक अपघाताची खबर २४ तासांत पोचली पाहिजे. निरीक्षक येईपर्यंत वीज बंद ठेवून ते उपकरण, वायर व प्लग यांसह, आहे त्याच स्थितीत राहू द्यावे.