पक्षाघाताचा रुग्ण आणि घरातील परिचारक

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ९व्या अध्यायात वैद्य, द्रव्य, परिचारक व रुग्ण असे चिकित्सेचे ४ पाद वर्णिले आहेत. परिचारकाचे गुणही ४ : उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. घरी हा पाद म्हणजे बहुधा रुग्णाची पत्नी, सून वा मुलगा. अनुराग त्यांच्यापाशी असतोच. उपचारज्ञता मात्र आपण वैद्यांनीच द्यावयाची असते.

अंथरुणास खिळलेल्या पक्षाघाताच्या रुग्णास आपण अभ्यंगासाठी तेल लिहून देतो. माकडहाड, खुबा वा टाचेवर त्वचा लाल दिसली की घरची मंडळी तेथेच अधिक जोराने तेल चोळतात. परंतु बोटाने दाबूनही न जाणारी लाली ही शय्याव्रणाची पहिली अवस्था होय. तेथे मर्दन केल्यास आतील मांस अधिकच दुखावते. त्या जागेवर भार येऊ न देणे हाच खरा उपाय. सावळ्या त्वचेवर लाली दिसतेच असे नाही. म्हणून स्पर्शाने उष्णता वा कठीणपणा ओळखण्यास शिकवावे. सामान्यतः दर २ तासांनी कूस बदलावी. ओली चादर तत्काळ काढावी.

काढा वा दूध रुग्णास ताठ बसवूनच पाजावे. ठसका लागल्यास पाजणे थांबवून वैद्यास कळवावे. द्रव फुप्फुसात जाऊन न्युमोनिया होण्याचा धोका असतो.

औषधालयचालकांनीही तेलाची बाटली हाती देताना एवढे अवश्य सांगावे. ‘समजले ना?’ असे विचारून भागत नाही. परिचारकाकडून कृती करवून घ्यावी, असे आम्हांस वाटते.