आधी बारगीर, मग शिलेदार

चातुर्मासात लग्ने नसतात, पण घोड्याला चार महिने उपास घालता येत नाही. घोड्यांच्या धंद्यात उतरणाऱ्या नगरकडच्या तरुणांचा पहिला हिशेब नेमका इथे चुकतो. श्रीगोंदे तालुक्यातल्या भीमाकाठच्या एका गावातल्या तरुणाचाही तो चुकला. सुप्याच्या एमआयडीसीतली नोकरी सोडून त्याने दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातले सारंगखेडे गाठले. तापीकाठी एकमुखी दत्ताच्या यात्रेत भरणारा तिथला घोडेबाजार नावाजलेला. पांढरी घोडी घ्यायची, हंगामात वराती मारायच्या, एरवी पोरांना रपेट शिकवायची आणि जम बसला की फार्म काढायचा, असा बेत होता. घोडी आली. पहिल्या आषाढानंतर तिचा खर्च दूध संघाच्या बिलातून निघू लागला, तेव्हा आईने गायींच्या वहीत तिच्या नावाचे वेगळे पान घातले.

घोडी निवडताना त्याने भोवरे निरखून पाहिले होते. देवमण शुभ, अमुक जागचा भोवरा खोडीचा, हे त्याला तोंडपाठ होते आणि बाजारात भावही बराचसा त्यावरच ठरतो. खूर मात्र त्याने उचलून पाहिला नाही. घरी आणल्यावर नालबंदाने पाय मांडीवर घेतला, तर तळव्याच्या मधला त्रिकोणी मऊ भाग सडून काळा पडलेला, वास मारत असलेला. हा आजार बरा होतो, पण त्यात ऐन हंगामाची सुरुवात गेली.

आता तो कुणाबरोबर बाजारात गेला की भोवऱ्यांकडे शेवटी बघतो. आधी दात. दुधाचे पुढचे दात पडून मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास येते, तिच्या बाजूची साडेतीनला, कडेची साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड पुरे होते. तीन वर्षांचे शिंगरू ‘तयार घोडी’ म्हणून गळ्यात मारले जात असेल तर ते इथेच कळते. मग चारही पाय एकेक करून उचलायचे. पाय देत नाही ते जनावर शिकवलेले नाही, किंवा त्याला कुठेतरी दुखते आहे. त्यानंतर मऊ वाळूत नव्हे, कडक जमिनीवर दुडकी चालवायची. पुढचा पाय दुखरा असेल तर तो टेकताना घोडा मान वर उचलतो. विकणारा लगाम आखडून धरत असेल तर सैल सोडायला सांगायचे.

नगर (आता अहिल्यानगर) हा दुधाचा जिल्हा. जनावर म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको, अशी इथल्या घराघरांत खात्री असते आणि घोड्याच्या बाबतीत तीच नडते. गाय रवंथ करते, घोडा करत नाही. त्याचे पोट अंगाच्या मानाने लहान असते आणि त्याला उलटी होत नाही. जे आत गेले ते पुढेच सरकायला हवे. म्हणून थोडे थोडे, दिवसभर, मुख्यतः कोरडा चारा, आणि पाणी कायम समोर. गावोगाव खड्ड्यांत आणि पिशव्यांत भरलेला मुरघास गायीला मानवतो. तो नीट साधला नसेल तर त्यात बोट्युलिझमचे विष तयार होऊ शकते आणि घोडा त्याला गायीपेक्षा फार लवकर बळी पडतो. गोठ्यातल्या काही खाद्यमिश्रणांत मोनेन्सिन असते. गायीला चालणारी त्याची मात्रा घोड्याचा जीव घेऊ शकते. गायीच्या घमेल्यात घोड्याने तोंड घालू नये, हे सोवळे नाही.

या तरुणाला ते एका वरातीनंतर कळले. वऱ्हाडातल्या कुणी कौतुकाने बुंदी चारली, कुणी परातभर भिजवलेले गहू. रात्री घोडी बसायची, उठायची, कुशीकडे वळून बघायची, पोटावर लाथ मारायची. गावात गायींचे डॉक्टर होते. नाकातून पोटात नळी घालणारा डॉक्टर दुसऱ्या तालुक्यातून यायला पहाट झाली. घोडी वाचली. “गायीला आफरा झाला तर काय करायचं ते मला माहीत होतं. घोड्याचं काय, ते विचारायलासुद्धा माणूस नव्हता,” तो म्हणतो.

मराठ्यांच्या फौजेत शिलेदार स्वतःचे घोडे घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडे सरकारी पागेतून मिळे. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला 1795 मध्ये निजामाला हरवणाऱ्या फौजेत दोन्ही होते. आजच्या नवख्याने यातले दुसरे व्हावे. घोडा दुसऱ्याचा, औषधपाणी दुसऱ्याचे, आणि चुका दाखवायला डोक्यावर कुणीतरी जाणते. श्रीगोंद्याच्या तरुणाने हे उलट्या क्रमाने केले. घोडी थोरल्या भावाच्या हवाली करून तो पुण्याजवळच्या एका तबेल्यात मोतद्दार म्हणून राहिला. पहाटे लीद काढायची, खरारा करायचा, खूर कोरायचे, पाणी भरायचे. कित्येक दिवस लगाम हातात मिळाला नाही. पण घोड्याला थेट पाठीमागे आणि कपाळासमोर अगदी जवळ दिसत नाही, म्हणून आवाज देत खांद्याच्या बाजूने जायचे, हे अंगात मुरले ते तिथे.

बारगिरी करायला जागा आहेत, पण नगरात थोड्या. इथल्या आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जवानाला अजून ‘सवार’ म्हणतात, वर दफादार, रिसालदारही आहेत. फक्त खाली रणगाडा असतो. खरी घोडी हवीत तर लष्कराची रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअर आहे, तिचे केंद्र मेरठला. घोडदळाची 61 कॅव्हलरी जयपूरला. पुण्याला रेसकोर्स आणि स्टड फार्म आहेत. ज्याचे शिक्षणात डोके चालते त्याने पशुवैद्यकाची वाट धरावी. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय 1886 पासूनचे आहे, आणि घोड्याची नस ओळखणारे डॉक्टर ग्रामीण भागात आजही शोधावे लागतात.

घरचा घोडाही विसरू नये. भीमेच्या खोऱ्यातला भीमथडी घोडा आजही धनगरांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड वाहतो. पावसाळा सरला की भांडी, घोंगड्या, कोंबड्या, कधी नुकतेच जन्मलेले कोकरू, सगळे त्याच्या पाठीवर. सरकारदरबारी ती घोड्यांची देशातली आठवी नोंदणीकृत जात ठरली. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडे, गाढवे, खेचरे आणि उंट यांच्या उद्योगासाठी 50 टक्के भांडवली अनुदान, कमाल 50 लाखांपर्यंत, मंजूर केले. तेव्हापासून ‘घोड्याची स्कीम’ विचारणारे वाढलेत. अनुदान भांडवलावर आहे, रोजच्या चंदीवर नाही. आणि 2012 मध्ये देशात सव्वासहा लाख घोडे-तट्टू होते, ते 2019 च्या पशुगणनेत 3.42 लाखांवर आले, हेही त्या अर्जाबरोबर वाचावे.

धंदा एका निकालानेही बसू शकतो. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या 2015 मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या. काटेरी लगामाला तर 1965 च्या नियमांपासून बंदी आहे, तरी नाचऱ्या घोड्यांच्या तोंडात तो अजून दिसतो. अशा ठिकाणी शिकायला राहू नये. परराज्यातून आलेल्या घोड्याची ग्लँडर्सची रक्तचाचणी झाल्याखेरीज त्याला आपल्या घोड्यांत बांधू नये. हा रोग माणसालाही होतो, आणि निदान पक्के झाले तर जनावर मारावे लागते. आपले धनुर्वाताचे इंजेक्शनही वेळेवर घ्यावे, घोड्याचेही.

तो तरुण वराती अजून करतो, पण डीजेच्या गाडीमागे घोडी उभी करत नाही. सुपारी घेतानाच तसे सांगतो. काही गिऱ्हाइके जातात. मधल्या दिवसांत तो पंचक्रोशीतल्या एका म्हाताऱ्या नालबंद चाचांबरोबर फिरतो, कारण खूर दीड-दोन महिन्यांनी साळावाच लागतो आणि साळणारे हात कमी उरलेत. चाचांनी त्याला कानस दिली आहे, पाय धरायला दिला आहे. खिळा खुराच्या बाहेरच्या निर्जीव कडेतून तिरपा निघायला हवा. थोडा आत गेला तर घोडे लंगडते. म्हणून ठोकायला अजून चाचा स्वतःच बसतात.