प्रबंधाच्या नोट्स: खर्च किती, फसगत कुठे

एम.ए., एम.एस्सी. करत असाल, तर तुमच्या नोट्स दोन वर्षं टिकल्या पाहिजेत. पीएच.डी. करत असाल, तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत मुदत तेवढी आहे. महिला आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेले संशोधक यांना आणखी दोन वर्षं मिळू शकतात. वही, ॲप, पेन ड्राइव्ह काहीही घेताना आधी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा आणि दुकानदाराला नव्हे, स्वतःला विचारा: यातून माझं सगळं लिखाण एका वेळी बाहेर काढता येईल का? बाहेर काढलेली फाइल दुसऱ्या कुठल्याही साध्या प्रोग्रॅममध्ये उघडेल का?

या प्रश्नांना कारण आहे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारनं ५९ ॲप्सवर बंदी घातली, त्यांत कॅमस्कॅनर होतं. ज्यांचे स्कॅन फक्त त्यातच होते त्यांची धावपळ झाली. संदर्भ सांभाळणाऱ्या मेंडेलीचं मोबाइल ॲप २०२१ मध्ये बंद झालं. एव्हरनोटनं डिसेंबर २०२३ पासून फुकट खात्यावर एक वही आणि ५० टिपणं एवढीच मुभा ठेवली. पन्नास टिपणं तर पहिल्या सत्रातच होतात. तिन्ही ठिकाणी आत शिरायला पैसे पडत नव्हते.

कागद

कागदाला कमी लेखू नका. दोनशे पानी लाँगबुक शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळते. पुण्यात अप्पा बळवंत चौकात डझनानं घेतली तर आणखी स्वस्त. ‘कॉर्नेल पद्धतीचं’ छापील पॅड तिप्पट किमतीला विकलं जातं, ते घेऊ नका. साध्या वहीच्या पानावर डावीकडे दोन-अडीच इंचांवर एक उभी रेघ ओढा, खाली चार बोटं जागा सोडा. उजवीकडे व्याख्यानाची टिपणं, डावीकडे त्याच रात्री काढलेले प्रश्न, खाली तीन ओळींत सार. पद्धत एवढीच आहे आणि तिला फक्त पट्टी लागते.

वाचनाच्या नोट्सना वहीपेक्षा कार्ड बरं, कारण प्रकरणं लिहिताना क्रम बदलावा लागतो. तयार कार्डांचं पाकीट महाग पडतं. कार्डशीट विकत घ्या आणि बाइंडिंगवाल्याकडून कटरवर पाच बाय तीन इंचांत कापून घ्या. कापण्याचे पैसे आधी ठरवा. एका कार्डावर एकच मुद्दा. वरच्या कोपऱ्यात लेखकाचं आडनाव, वर्ष, पान. ठेवायला बुटांचं खोकं चालतं. ही जुनाट पद्धत वाटत असेल, तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या संस्कृत महाकोशाच्या प्रकल्पाकडे पाहा: १९४८ पासून जमवलेल्या सुमारे एक कोटी कागदी चिठ्ठ्यांवर तो कोश उभा आहे आणि त्या चिठ्ठ्या उघडायला अजून कोणाचा पासवर्ड लागलेला नाही.

नोट्समधून ‘दुसरा मेंदू’ घडवण्याचे ऑनलाइन कोर्स हजारो रुपयांना विकले जातात. तुम्हाला त्यांची गरज नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुमान यांच्या ९० हजार कार्डांची गोष्ट त्यांत हटकून सांगतात. लुमान यांनी ती कार्डं स्वतः वाचून स्वतः लिहिली होती, हे मात्र जाहिरातीत बारीक अक्षरांतही नसतं.

झेरॉक्स आणि पुराभिलेखागार

झेरॉक्सचा दर पानाला रुपया ते दोन-तीन रुपये. कॉलेजच्या आवारात स्वस्त, कोर्टाजवळ आणि स्टेशनाजवळ महाग. दोन्ही बाजूंनी काढली तर दर पानाला की कागदाला, हे आधी विचारा. बिल दुप्पट होण्याची जागा तीच आहे. स्पायरल बाइंडिंगचे पैसे निराळे. अंतिम प्रबंधाच्या काळ्या किंवा तपकिरी हार्ड बाइंडिंगला प्रतीमागे काही शे रुपये पडतात, कण्यावरच्या सोनेरी अक्षरांचे त्यात धरले आहेत का ते विचारून घ्या. सादर करायच्या आठवड्यात ‘अर्जंट’ म्हणून जास्त पैसे मागितले जातात, म्हणून निदान दहा दिवस आधी जा.

कुठल्याही पुस्तकातली पानं झेरॉक्स करताना आणखी दोन पानं न चुकता काढा: मुखपृष्ठानंतरचं शीर्षकपान आणि त्याच्या मागचं पान. प्रकाशक, आवृत्ती, साल तिथेच असतं. हे चार रुपये वाचवणारे दोन वर्षांनी एका आवृत्तीच्या सालासाठी पुन्हा नागपूर किंवा मुंबई गाठतात. जुन्या मराठी पुस्तकावर नुसता शक असेल तर ७८ मिळवा, डिसेंबरनंतरच्या महिन्यांना ७९. शक १८४७ म्हणजे १९२५-२६. पूर्ण पुस्तक मात्र झेरॉक्स करू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये स्वतःच्या अभ्यासासाठी आणि संशोधनासाठी वाजवी वापराला मुभा आहे, बाजारात मिळणारं अख्खं पुस्तक त्यात बसवण्याचा प्रयत्न अंगाशी येऊ शकतो.

पुराभिलेखागारात किंवा जुन्या संशोधन संस्थेत जायचं असेल, तर कागदपत्रांची जुळवाजुळव आधी करा: मार्गदर्शकांचं किंवा विभागप्रमुखांचं लेटरहेडवरचं शिफारसपत्र, विद्यापीठाचं ओळखपत्र, आधारची छायांकित प्रत, पासपोर्ट आकाराचे दोन-तीन फोटो. पत्रात प्रबंधाचा विषय आणि कोणत्या काळातली कागदपत्रं हवीत ते नेमकं लिहून घ्या. ‘संशोधनासाठी सहकार्य करावे’ एवढ्यावर काम अडतं. जाण्यापूर्वी फोन करून तीन गोष्टी विचारा. मोबाइलनं फोटो काढू देतात का? पानामागे शुल्क किती? मागवलेलं दप्तर त्याच दिवशी मिळतं की दुसऱ्या दिवशी? परगावाहून जाणाऱ्याला या तिसऱ्या उत्तरावर लॉजचं एका रात्रीचं भाडं ठरतं. सोबत पेन्सिल ठेवा, अनेक ठिकाणी शाईचं पेन आत नेऊ देत नाहीत.

संदर्भांसाठी झोटेरो

संदर्भ जमवायला आणि ग्रंथसूची आपोआप करायला झोटेरो घ्या. पैसे पडत नाहीत, लॅपटॉपवर बसवायला दहा मिनिटं लागतात, वर्ड आणि लिबरऑफिस दोन्हींत चालतं. फुकट साठवणुकीची मर्यादा ३०० एमबी आहे, आणि इथेच लोक घाईनं पैसे भरतात. ती मर्यादा फक्त जोडलेल्या पीडीएफना आहे. नोंदी आणि तुमची टिपणं कितीही असली तरी सिंक होतात. एखाद्या इंग्रजी लेखाची पीडीएफ एक-दोन एमबीची, पण स्कॅन केलेलं जुनं मराठी पुस्तक सहज पन्नास एमबीचं असतं. अशी सहा पुस्तकं आणि जागा संपली. उपाय साधा: सेटिंगमध्ये फाइल-सिंक बंद ठेवा, डेटा-सिंक चालू ठेवा, पीडीएफची प्रत स्वतःच्या डिस्कवर आणि ड्राइव्हवर वेगळी ठेवा. तरीही जागा हवीच असेल तर दोन जीबीला वर्षाला २० डॉलर पडतात.

डॉलरमधल्या प्रत्येक दराला आपल्याकडे शेपूट असतं. कार्डावर परकीय चलनाचा आकार बहुतेक बँका दोन ते साडेतीन टक्के लावतात, त्या आकारावर जीएसटी; काही कंपन्या सेवेच्या दरावरही १८ टक्के जीएसटी शेवटच्या पडद्यावर दाखवतात. ‘पहिले तीन महिने सवलतीत’ असेल तर चौथ्या महिन्याचा दर वाचा. आपोआप नूतनीकरण भरल्या दिवशीच बंद करा, बहुतेक ठिकाणी भरलेली मुदत संपेपर्यंत सेवा चालूच राहते.

टिपणांसाठी ऑब्सिडियन फुकट आहे आणि त्यातल्या फाइल साध्या मजकुराच्या, तुमच्याच डिस्कवर राहतात. ते उद्या बंद पडलं तर नोटपॅडमध्ये उघडतील. सशुल्क सिंक घेण्याचं कारण नाही. नोशन दिसायला देखणं, विद्यार्थ्यांना कॉलेजच्या ईमेलवर वरची योजना फुकट. पण ती ईमेलशी बांधलेली आहे, ते लक्षात ठेवा. संदर्भांचं सशुल्क सॉफ्टवेअर एन्डनोट विद्यापीठानं घेऊन दिलेलं असेल तर वापरा, स्वतःच्या खिशातून घेऊ नका. सहा ॲप वापरून पाहण्यात एक सत्र सहज जातं. दोन ठरवा आणि प्रबंध जमा होईपर्यंत बदलू नका.

लेख विकत घेण्यापूर्वी ग्रंथालयात चौकशी करा. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ जानेवारी २०२५ पासून सुरू आहे. सरकारी उच्च शिक्षण संस्थांना तीस प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं त्यातून मिळतात. तुमची संस्था त्यात आहे का, लॉगिन कोण देतं, हे ग्रंथपालांना विचारा. एका लेखाला तीस-चाळीस डॉलर मागणारं बटण दाबू नका. लेखकालाच नम्र ईमेल पाठवली तर बऱ्याचदा पीडीएफ येते. आधीचे प्रबंध शोधगंगेवर फुकट आहेत.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी

टिपणं फक्त युनिकोडमध्ये टाइप करा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्ट-पद्धतीत केलेला मजकूर कागदावर सुरेख दिसतो, पण त्यात शब्द शोधता येत नाही आणि दुसऱ्या मशिनवर तो चिन्हांचा चिखल होतो. डीटीपीवाल्याला काम देत असाल तर दर ठरवण्याआधीच दोन अटी सांगा: युनिकोडमध्ये हवं, आणि छापील प्रतीबरोबर वर्डची फाइलही हवी. नंतर फाइल मागितली की तिचे वेगळे पैसे सांगितले जातात. दुरुस्तीच्या किती फेऱ्या दरात आहेत, तेही लिहून घ्या.

टायपिंगचा बराच खर्च टाळता येतो. फोनवर जीबोर्डचं मराठी व्हॉइस टायपिंग फुकट आहे. छापील पानाचा स्पष्ट फोटो गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडला की देवनागरी मजकूर हाती येतो. जोडाक्षरं आणि अनुस्वार चुकतात, म्हणून अवतरण घ्यायचं असेल तेव्हा मूळ पानाशी अक्षरन्‌अक्षर ताडून पाहा. फाइलींची नावं मात्र इंग्रजी अक्षरांत ठेवा. देवनागरी नावं झिप करताना कधी कधी बिघडतात. क्रम असा: आडनाव, साल, विषयाचे दोन शब्द. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘सरांनी पाहिलेली फायनल’ ही नावं बंद करा, शेवटी तारीख घाला, तीही आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. यादी आपोआप क्रमानं लागते.

सगळ्यात महागडी चूक

दुसऱ्याचं वाक्य आणि तुमचं वाक्य एकाच टिपणात मिसळणं. तीन वर्षांनी कुठलं कोणाचं ते आठवत नाही आणि ते वाक्य प्रबंधात जातं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्क्यांत सुधारित प्रबंध सहा महिन्यांच्या आत द्यावा लागतो, ४० ते ६० मध्ये वर्षभर देताच येत नाही, ६० च्या वर नोंदणी रद्द. सहा महिन्यांची मुदत म्हणजे सहा महिन्यांचं घरभाडं, मेस आणि कदाचित विद्यापीठाचं मुदतवाढीचं शुल्क. श्रेय देऊन घेतलेलं अवतरण आणि ग्रंथसूची साम्यात धरत नाहीत, त्यामुळे अवतरणचिन्ह आणि पान क्रमांक यांना इथे रोख किंमत आहे. प्रत्येक टिपणापुढे एक अक्षर घाला: ‘उ’ म्हणजे जसंच्या तसं उद्धरण, ‘सा’ म्हणजे सारांश, ‘मी’ म्हणजे तुमचा विचार. एआयकडून सारांश करून घेतलात तर चौथी खूण ठेवा आणि मूळ पान वाचल्याशिवाय ते प्रबंधात घेऊ नका. मुलाखती दिलेल्या माणसांचं बोलणं अशा सेवेवर चढवू नका.

काहीशे रुपयांत ‘प्लेजरिझम रिपोर्ट’ देणाऱ्या दुकानांपासून दूर राहा. तुमचा प्रबंध त्यांनी एखाद्या साठ्यात जमा होऊ दिला, तर विद्यापीठाच्या तपासणीत तुम्हीच तुमची नक्कल केल्याचं निघेल. शोधशुद्धी योजनेखाली विद्यापीठांना तपासणीचं सॉफ्टवेअर मिळतं; ग्रंथालयात मार्गदर्शकांमार्फत मसुदा तपासून मिळेल का ते विचारा.

प्रती आणि शेवटचा दिवस

तीन प्रती: लॅपटॉपवर, बाहेरच्या डिस्कवर, इंटरनेटवर. ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह पाचशेच्या आसपास मिळतो, पण पदपथावरचा ‘एक टीबी, तीनशे रुपये’ घेऊ नका, त्यात जागा लिहिल्याइतकी नसते. बंद पडलेल्या डिस्कमधून मजकूर काढून देणारे काही हजारांपासून सुरू करतात, यशाची खात्री नसते आणि काही ठिकाणी नुसत्या तपासणीचेही पैसे परत मिळत नाहीत. गूगलची १५ जीबी फुकट जागा केवळ मजकुराला पुरते. ती ईमेल आणि फोटोंमध्ये वाटलेली असल्यामुळे प्रबंधासाठी स्वतंत्र खातं काढा. दोन वर्षं न उघडलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं, तेव्हा महिन्यातून एकदा तरी उघडा.

कॉलेजनं दिलेला ईमेल पदवीनंतर बंद होतो, कधी पूर्वसूचना न देता, आणि त्याच्याशी जोडलेला ड्राइव्ह, नोशन, सगळं त्याच्याबरोबर जातं. गूगलच्या शैक्षणिक खात्यात मजकूर खासगी खात्यावर हलवण्याची सोय असते, संस्थेनं ती बंद केली नसेल तर. हलवायला काही तासांपासून काही दिवस लागतात. तोंडी परीक्षेची तारीख कळली की त्याच आठवड्यात हे काम उरका आणि खासगी खात्यातून प्रत्येक फोल्डर उघडून पाहा.